जाणाऱ्यांच्या कुंड्या

आमच्या कॉलनीत एक रीत आहे. ज्याची बदली होते तो सामान बांधतो, गॅसची टाकी परत करतो, दूधवाल्याला सांगतो आणि सगळ्यात शेवटी घरातल्या कुंड्या उचलून माझ्या दारात आणून ठेवतो. "ताई, तुम्ही आहातच." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की कुणी दोन्ही हातांत कुंडी धरून फाटकातून आत येताना दिसलं की माझ्याच तोंडून निघतं, "आणा, मी आहेच."

गडचिरोलीला एका सरकारी कार्यालयात मी आस्थापना शाखेत आहे. खात्याचं नाव सांगत नाही, सांगून माझं काही भलं व्हायचं नाही. आस्थापना म्हणजे लोकांच्या रजा, वेतनवाढी, बदल्या. बाहेरून इथे आलेला माणूस रुजू होतो त्याच दिवशी जायचा हिशेब मांडतो. पुण्याचा असो की नाशिकचा, बॅगेतले हिवाळ्याचे कपडेसुद्धा बाहेर काढत नाही. त्याची मुदत भरली की त्याला मोकळं करायचा कागद, म्हणजे कार्यमुक्तीचा आदेश, मी टाईप करते. 'आपणास आज रोजी मध्यान्होत्तर कार्यमुक्त करण्यात येत आहे.' मध्यान्होत्तर हा शब्द मी डोळे मिटून टाईप करू शकते. आणि संध्याकाळी तोच माणूस कुंडी घेऊन माझ्या दारात हजर.

माझं घर राजुऱ्याला. नवरा कोळशाच्या खाणीत इलेक्ट्रिक फिटर, त्याला तिथून हलता येत नाही. मुलगी चौथीत होती तेव्हा मी पदोन्नती घेऊन इथे आले. पदोन्नती नाकारायची नसते असं सगळे म्हणाले. म्हणणाऱ्यांपैकी कुणालाच गडचिरोलीला जायचं नव्हतं. मुलीची शाळा तिकडे, सांभाळायला सासूबाई तिकडे, म्हणून ती तिकडेच राहिली आणि मी शनिवारी संध्याकाळी बस धरायला लागले. मूल, सावली मागे टाकत चंद्रपूर, तिथे गाडी बदलून राजुरा. खरं तर आधी सावली येते आणि मग मूल, पण इतक्या वर्षांत ही गावं माझ्या डोक्यात एकमेकांवर चढलीत. पावसाळ्यात वर्धा नदीला पूर आला की राजुऱ्याचा पूल बंद. मग मी चंद्रपूरच्या स्टँडवर दोन तास बसायची, फोनवर मुलीचा गृहपाठ ऐकायची आणि आल्या वाटेनं परत.

पहिली कुंडी आली तेव्हा मला झाडांतलं ओ की ठो कळत नव्हतं. शेजारच्या क्वार्टरमधल्या अभियंत्याच्या बायकोनं रबराचं झाड दिलं आणि "याला काहीच करावं लागत नाही" असं सांगून गेली. मी खरंच काही केलं नाही. महिन्याभरात पानं गळून एक काठी उरली. मला झाडाचं दुःख झालं नाही, रागच आला. मग हळूहळू शिकले. कुंडीच्या भोकावर खापराचा तुकडा पालथा ठेवायचा, म्हणजे पाणी जातं आणि माती राहते. माती, शेणखत आणि वैनगंगेची रेती सारख्या वाट्यानं. झाड काढायचं तर ओढायचं नाही. खोड दोन बोटांत धरून कुंडी उलटी करायची, काठावर तळहातानं दोन थापा द्यायच्या, की झाड आपसूक हातात येतं. पहिल्यांदा जमलं तेव्हा मी एकटीच हसले. त्या रविवारी महिनाअखेरीच्या कामामुळे मला घरी जाता आलं नव्हतं.

झाडं घरात ठेवायची, कारण बाहेर ठेवलं की संपलं. कॉलनीतल्या बकऱ्या फाटकाच्या खालून घुसतात, माकडं वरून उतरतात आणि दोघांच्या तावडीतून सुटलं तर मे महिना आहेच. दोन खोल्यांचं माझं क्वार्टर. वर्षं जात गेली तशा कुंड्या वाढत गेल्या. खिडकीत स्नेक प्लांट, कूलरसमोर पाम, फ्रिजवर मनीप्लांट, पलंगाखाली रिकाम्या कुंड्या. खिडकीचं एक दार मी तीन वर्षं उघडलं नाही, कारण ते उघडायचं तर पाच कुंड्या हलवायला लागतात. कधी कधी कार्यालयातून आले की दारातच उभी राहायचे. आत सगळं हिरवंगार, बघणारा म्हणायचा काय सुंदर घर आहे. मला मात्र वाटायचं की गेलेल्या सगळ्या माणसांनी मला इथे पहाऱ्याला बसवलंय. जीव गुदमरायचा, अगदी खरं सांगते.

आमच्या कार्यालयात शिपाई म्हणून एक बाई आहेत. इथल्याच, धानाच्या गावातल्या, वयानं माझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या. मी त्यांना बाई म्हणते, त्या मला मॅडम. एकदा मी वैतागून त्यांना विचारलं, "बाई, हे लोक कपाटं नेतात, तुटके पाट नेतात. झाडंच काऊन ठेवून जातात?"

बाईंनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "तुमाले मालूम नाई? इथली माती संगं नेली का माणूस फिरून इथीच येते. एका साहेबानं नेली होती गुलाबाची कुंडी. दोन वर्सात वापस."

"त्याची चौकशी लागली होती म्हणून आला तो वापस."

"लागली ना चौकशी? काऊन लागली मंग?"

मग कळलं की सगळ्या कॉलनीला हे ठाऊक होतं. शिकले-सवरलेले, मोठमोठ्या परीक्षा पास झालेले लोक, चपलांचे तळसुद्धा फडक्यानं पुसून गाडीत बसायचे. मी मनसोक्त हसले. माझे वडील शिक्षक होते. चौकात कुणी उतारा टाकलेला दिसला की त्यातलं लिंबू उचलून घरी आणायचे आणि सरबत करून आम्हा भावंडांना पाजायचे. विहारात रविवारी पोरं गोळा करून हेच शिकवायचे, की बाबांनो, अडलेलं काम लिंबानं सुटत नाही. त्या सरबतावर मी वाढले. मला माती अडवणार?

मुलीची नववी संपली त्या मे महिन्यात माझा आदेश आला. विनंती बदली, राजुरा. मी घरी फोन लावला. मी काही सांगायच्या आधी मुलगीच ओरडली, "आई, झाली ना? झाली ना बदली?" मी म्हटलं, "दहावीले मी घरी राहीन. रोज डब्बा मी देईन." तिनं ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलं, असं नवऱ्यानं नंतर सांगितलं. पाच वर्षं तिची वेणी मी फक्त रविवारी घातली होती. मला तिची दहावी हवी होती, बाकी काही नको होतं.

आणि मी घाई केली. त्याच रविवारी मी सगळ्या कुंड्या वाटून टाकल्या. दार उघडलं आणि ज्याला जे हवं ते न्या म्हटलं. लोक आले, पाम गेला, रबर गेलं, मनीप्लांटचे तीन तुकडे तीन घरी गेले. संध्याकाळी मी खिडकीचं ते दार उघडलं. वारा आत आला. मी जमिनीवर झोपून पंख्याकडे बघत राहिले, खोली केवढी मोठी होती!

एक कुंडी मी ठेवली. पीस लिली. तिला पाणी कमी पडलं की ती एका दुपारीत सगळी पानं टाकून कुंडीच्या काठावर लोळते आणि पाणी घातलं की दोन तासांत ताठ उभी. सुट्टीत इथे आली की मुलगी तिला 'रुसकी' म्हणायची. नवरा सामान न्यायला जीप घेऊन आला तेव्हा गादी, मिक्सर आणि रुसकी मी त्याच्याबरोबर पुढे पाठवली. बाई फाटकात उभ्या होत्या.

"मॅडम, माती झाडून द्या ना तिची."

"बाई, मी कोनाची पोरगी हाव मालूम हाये ना?" मी म्हटलं आणि जीप गेली.

आता त्या आदेशाची खालची ओळ. 'पर्यायी कर्मचारी रुजू झाल्याशिवाय कार्यमुक्त करण्यात येऊ नये.' ही ओळ मला पाठ होती, मीच ती कितीकांच्या कागदांवर टाईप केली होती. वरच्या साहेबांना ती लागत नाही. कारकुनांना लागते. तरी मला वाटलं होतं की माझ्या जागी कुणीतरी येईल. एकाची नेमणूक झाली, त्यानं आजारपणाचा दाखला जोडून ती रद्द करून घेतली. दुसरीनं रुजू व्हायला मुदत मागितली आणि मुदतीतच दुसरीकडे गेली. त्यांचे कागद माझ्याच टेबलावर यायचे आणि त्यांवर मीच नोंद क्रमांक टाकायची. कुणाला शिव्या द्याव्यात? त्यांच्या जागी मी असते तर मीही आले नसते.

पावसाळा लागला, दहावीची शाळा सुरू झाली. मी इथेच. रिकाम्या खोलीत उघड्या पलंगावर चटई, एक पातेलं आणि एक ताट. आणि मग कुंड्या परत यायला लागल्या. माझा पाम ज्यांनी नेला होता त्यांची बदली झाली. त्यांना मोकळं करायचा कागद मी टाईप केला आणि संध्याकाळी दारात पाम. "ताई, तुमचाच आहे, आता तुम्ही आहातच तर..." पुढच्या महिन्यात रबर. मग मनीप्लांटचे दोन तुकडे, आता लांबलचक वाढलेले, सोबत त्या लोकांची स्वतःची आणखी चार झाडं. दिवाळीपर्यंत खिडकीचं ते दार पुन्हा बंद झालं. एक दिवस मी पामला लाथ मारली. कुंडी फुटली, माती सगळ्या फरशीवर पसरली, आणि मग मलाच ते झाड दुसऱ्या कुंडीत लावत बसावं लागलं. मुळं कुंडीत मावत नव्हती, गोल गोल फिरून त्यांचीच दोरी झाली होती. ती बोटांनी सोडवताना मी हमसून हमसून रडले. लहान मुलीच्या केसांतला गुंता काढल्यासारखं ते काम असतं.

बाई रोज विचारायच्या नाहीत, पण डोळ्यांत असायचंच. एकदा बोलल्या. "माती गेली ना मॅडम तुमची राजुऱ्याले. तुमी नाई गेल्या, मातीच गेली पुढं. आता ते वढते तुमाले इकडं."

"बाई, तुम्ही चहा करा."

त्या चहा करायला गेल्या आणि मी बसल्या जागी विचार करत राहिले. मला लाज वाटते सांगायला, पण सांगते. त्या आठवड्यात मी मातीचा तो विचार हाकलला, तो परत आला. पुन्हा हाकलला. शनिवारी तपासणी लागली, रविवारीही कार्यालय, घरी जाणं रद्द. मुलीची पूर्वपरीक्षा पंधरा दिवसांवर आलेली. त्या दुपारी मी तिला व्हिडिओ कॉल केला.

"रुसकीची माती बदलाव लागते," मी म्हटलं. "जुनी झाली."

"आता? मी भूमितीचं करून राह्यली."

"अर्धा घंटा लागते. आणजो इकडं कुंडी, मी सांगतो तसं कर."

तिनं फोन अंगणातल्या मोटरसायकलच्या सीटवर टेकवून ठेवला. मला तिचा अर्धा चेहरा आणि दोन हात दिसत होते. कुंडी उलटी कर म्हटलं, केली. थाप दे म्हटलं, दिली. झाड अलगद तिच्या हातात आलं आणि ती हसली, मी पहिल्यांदा हसले होते तशीच. मग मी म्हटलं, "आता मुळ्या धू. बादलीत बुडव, सगळी माती निघाली पायजे. एक कण बी ठेवू नको."

"सगळी? तू तर म्हणे का जुनी माती थोडी राहू द्याव लागते."

"सांगतो तेवढं कर ना बाई!"

मी ओरडले तिच्यावर. तिनं मान खाली घालून मुळं धुतली, एकेक. मग घरामागची माती भरली. राजुऱ्याची काळी कापसाची माती, वर कोळशाची भुकटी बसलेली. अशी निव्वळ काळी माती कुंडीत घालू नये, पाण्यानं चिकट होते, वाळली की दगड होते, मुळं कुजतात. मला हे सगळं माहीत होतं. रेती आण, खत मिसळ, असं मला सांगायला हवं होतं. पण मला फक्त ती जुनी माती घरातून बाहेर जायला हवी होती. "ते धुतलेलं पाणी कुठी टाकू?" तिनं विचारलं. "दूर," मी म्हटलं, "रस्त्याच्या पल्याड." ती बादली घेऊन फाटकाबाहेर गेली आणि बराच वेळ मला फक्त मोटरसायकलचा आरसा दिसत राहिला. माझ्या वडिलांच्या सरबताला मी त्या दिवशी बट्टा लावला.

उपयोग काय व्हायचा? काहीच झाला नाही. तिची दहावी झाली. तिचा डबा सासूबाईंनी दिला, थकल्या तेव्हा नवऱ्यानं दिला, शेवटी तिचा तिनंच भरला. मग अकरावी. माझ्या जागी तिसरा माणूस नेमला गेला, आला, आठ दिवस राहिला, उन्हाळा पाहिला आणि माझ्याकडून कामाचा ताबा घेण्याआधीच दुसरीकडे प्रतिनियुक्ती करून घेऊन गेला. मी त्याचाही कागद टाईप केला. त्याच्याकडे एक कोरफड होती.

बारावीही गेली. मुलीला नागपूरच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. ज्या घरी मला पोचायचं होतं, त्या घरातून तीच निघाली होती. मी इतकी वर्षं राजुऱ्याला पोचायची धडपड करत होते, आणि आता मोकळी झाले असते तरी तिथे मला भेटलं असतं ते तिचं रिकामं टेबल. रजा मागितली तर साहेब म्हणाले, याच आठवड्यात नको. मग मुलगीच म्हणाली, मी दोन दिवस तुझ्याकडे येते, तिकडूनच नागपूरची गाडी धरते, बाबा सामान घेऊन परस्पर येतील.

स्टँडवर ती बसमधून उतरली तेव्हा पाठीवर बॅग होती आणि दोन्ही हातांत कुंडी. राजुऱ्यापासून मांडीवर घेऊन आली होती. रुसकीची पानं पिवळी पडलेली, दोनचारच उरलेली, पण होती.

"बाबाच्या शिफ्टा असतात, आजीले दिसत नाई," ती म्हणाली. "तू सांभाळ. तू तर हायेच इथी."

आजवर ते वाक्य बोललेल्या कुणाचाच मला एवढा राग आला नव्हता आणि हिच्यावर तर मला रागावताही येत नव्हतं. कुंडी तिच्या हातातून घेतली आणि आम्ही रिक्षा केली.

घरी आल्यावर मी माती दाबून पाहिली. बोट आत जाईना. वरून भेगा पडल्या होत्या. "अवो, ही तं पार दगड झाली," मी म्हटलं, घमेलं ओढलं, रेती, शेणखत आणि माती कालवली आणि कुंडी उलटी करायला घेतली. हातांना आता ते काम सांगावं लागत नाही.

तिनं माझा हात धरला. "राहू दे ना आई माती."

"मरन झाड."

"मले मालूम हाये तू तेव्हा माती काऊन बदलाले लावली," ती म्हणाली. "बाईनं सांगतलं, मी दिवाळीत इथी आली होती तेव्हा. इथली माती तिकडं गेली म्हणून तू अटकली म्हणे." ती हसत नव्हती. "मंग आता याच्यात राजुऱ्याची माती हाये. आपल्या घरामागची. इथी ठेव. आता ते तिकडं वढन तुले."

मला तिला सांगायचं होतं की असं काही नसतं, अडलेलं काम मातीनं सुटत नाही, तुझ्या आजोबांनी लिंबाचं सरबत पाजून मला हे शिकवलंय. पण मी घमेलं पलंगाखाली सरकवलं आणि कंगवा घेतला. तिची वेणी मी त्या दिवशी घातली, रविवार नसताना.

दोन दिवसांनी ती नागपूरच्या गाडीत बसली. परत आल्यावर मी रुसकी खिडकीत ठेवली, बाकीच्या सगळ्या कुंड्यांच्या पुढे. पाणी घातलं की वरच साचून राहतं, आत जात नाही. मी तासभर थांबून चमच्या-चमच्यानं घालते. एक पान नवं आलं, एक गेलं. झाड वाचवायचं तर काय करायला हवं ते गडचिरोलीत माझ्याइतकं कुणाला कळत नसेल. कालवलेलं घमेलं पलंगाखाली तसंच आहे. मी अजून माती बदललेली नाही.